दीर्घ आजार आणि ग्रंथवाचन : कुठली ओळ खरंच भिडली, कुठल्या ओळीचा राग आला?

मंदगती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज बोटं जरा बरी आहेत म्हणून लिहून टाकते.

मला ११ वर्षं झाली रूमेटॉइड आर्थ्रायटिस होऊन. वयानुसार गुडघे दुखतात तो नाही, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो. सकाळी तास दीड तास मुठी वळत नाहीत, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी) गोळी आणि तिच्या दुसऱ्या दिवशी मी माणसांत नसते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही त्यामुळे "तब्येत छान दिसतेय की" हे ऐकून घ्यायची सवय झालीये.

आता मुद्दा. कुठली पोथी वाचली की आजार बरा होतो हे मला नकोय, कृपया ते लिहू नका, औषधं व्यवस्थित चालू आहेत. मला विचारायचंय ते असं की इतकी वर्षं दुखणं सोबत असताना ग्रंथ वाचायचे कसे? कारण मला गीता आणून देणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या अध्यायातला तोच श्लोक दाखवला, मात्रास्पर्शास्तु कौन्तेय. शीतोष्ण सुखदुःखं येतात जातात, अनित्य आहेत, सहन कर. आगमापायिनः. अहो पण माझं येतंच फक्त, जातंय कुठे? ११ वर्षं त्या शब्दाशी भांडण चालू आहे माझं.

मग झालं काय, गेल्या वर्षी हात इतके वाईट होते की पुस्तक धरवेना म्हणून ऑडिओ लावला. रात्रीचे अडीच वगैरे. पहिला अध्याय सगळे गाळतात तसा मीही गाळणार होते पण फोन लांब होता आणि उठायची ताकद नव्हती म्हणून पडल्या पडल्या ऐकत राहिले. ती शंखांची यादी, कोण कुठे उभा आहे ते सगळं, आणि मग अर्जुन बोलायला लागतो. सीदन्ति मम गात्राणि मुखं च परिशुष्यति. अंग गळून चाललंय, तोंडाला कोरड पडलीये, शरीर कापतंय. गाण्डीवं स्रंसते हस्तात्, हातातून धनुष्य निसटतंय. त्वचेची आग होतेय. न च शक्नोम्यवस्थातुं, उभं राहवत नाही. भ्रमतीव च मे मनः, मन भोवंडल्यासारखं झालंय.

मी अंधारात मोठ्याने हसले. कारण डॉक्टरांकडे जाताना मी कागदावर जी यादी लिहून नेते ना ती हीच आहे. हातातून वस्तू निसटते, तोंड कोरडं, उभं राहवत नाही, डोकं धुकं झाल्यासारखं. म्हणजे ७०० श्लोकांचं हे अख्खं पुस्तक सुरू कशाने होतं तर एका माणसाचं शरीर त्याचं ऐकेनासं होतं तिथून. आणि समोरचा लगेच उपदेश करत नाही, आधी सगळं ऐकून घेतो. दुसरा अध्याय दाखवणारे लोक नेमकं हेच गाळतात.

तर तुमचं सांगा. कुठलाही धर्म, कुठलाही ग्रंथ चालेल. भिडलेलं आणि राग आलेलं, दोन्ही.

पाऊलवाट

वाचतेय. पहिला अध्याय मीही कायम गाळला, नावं खूप आहेत म्हणून.

काथ्याकूट

लेख आवडला पण एक शंका काढतोच. अर्जुनाचं ते पॅनिक आहे. समोर आजोबा आणि गुरू दिसले, घाबरला, घाम फुटला. क्रॉनिक काहीच नाही त्यात. आणि अठराव्या अध्यायात ७३ व्या श्लोकात तो "नष्टो मोहः" म्हणून ठणठणीत उभा राहतो, धनुष्य हातात. तुमचं माझं १८.७३ कधी येणार? (मला सोरायसिस आहे, १९ वर्षं. त्वक्चैव परिदह्यते माझंच समजा.) पुस्तकाच्या सुरुवातीला आपण आहोत हे मान्य, शेवटाला आपण नाही.

मंदगती

हा प्रश्न खरा आहे. उत्तर नाही माझ्याकडे. विचार करते.

मोरपीस

ताई तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. रागावू नका पण शेवटी हे सगळं प्रारब्ध असतं, मागच्या जन्मीचं भोगूनच संपवावं लागतं, त्यातून सुटका नाही. तुकोबांनी म्हटलंच आहे ठेविले अनंते तैसेचि राहावे. एकदा हे स्वीकारलं की त्रास निम्मा होतो, स्वानुभव आहे.

साखरझोप

मोरपीस, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय म्हणून शांतपणे लिहितो. माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारून टाकल्या, गोड खाण्याशी याचा काही संबंध नाही, आमच्याकडून काही राहून गेलं असंही नाही. तरी पहिल्या महिन्यातच एका नातेवाइकांनी तिच्यासमोर सांगितलं की मागच्या जन्मीचं असणार. रात्री इंजेक्शन देताना तिने विचारलं "बाबा मी काय केलं होतं?" सात वर्षांची हो.

मी फारसा धार्मिक नव्हतो आणि नाही. पण त्यानंतर एका ख्रिश्चन मित्राने योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांध माणूस दिसतो तेव्हा शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आणि येशू म्हणतो याचंही नाही, आईबापांचंही नाही. पुढे तो देवाच्या कार्याबद्दल बोलतो, तो भाग मला तितकासा झेपत नाही. पण ते पहिलं वाक्य मी मुलीला तसंच्या तसं सांगितलं. तुझंही नाही, आमचंही नाही. त्या रात्री ती झोपली.

टीपकागद

साखरझोप, तुमच्या प्रतिसादावर लगेच काही लिहवलं नाही, दोन दिवस गेले. आता लिहितो, थोडं लांबेल.

आपल्याकडे सगळे ग्रंथ कर्मसिद्धांत मानतात म्हणून प्रत्येक आजाराचं कारण पूर्वकर्मच असं जे गृहीत धरलं जातं ते तितकं सरळ नाही. संयुत्त निकाय या पालीतल्या बौद्ध ग्रंथात वेदनांवरचा एक विभाग आहे, त्यात सीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) बुद्धांना थेट हाच प्रश्न विचारतो, की काही लोक म्हणतात माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्यामुळेच, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतूतला बदल, आहारविहारातला विषमपणा, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचा विपाक, म्हणजे फळ. आठातलं एक! आणि वर म्हणतात की सगळं पूर्वकर्मामुळेच असं म्हणणारे स्वतःला जे कळतं त्याच्याही पलीकडे जातात आणि जगात जे खरं मानलं जातं त्याच्याही पलीकडे जातात. कर्म मानणाऱ्या परंपरेतलंच हे आहे हे लक्षात घ्या, बाहेरच्या नास्तिकाचं नाही.

दुसरं, बायबलमधला ईयोब. मुसलमान परंपरेत तेच अय्यूब. ईयोबच्या पुस्तकाचे ४२ अध्याय. अंगभर फोडं, राखेत बसलेला. तीन मित्र भेटायला येतात, त्याला ओळखूही शकत नाहीत, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. इथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत! मग तोंड उघडतात आणि पुढचे कितीतरी अध्याय त्याला पटवत राहतात की तू काहीतरी केलं असशीलच, देव उगाच शिक्षा करत नाही. गंमत म्हणजे त्यांची वाक्यं सुटी काढली तर सुविचार म्हणून भिंतीवर लावण्यासारखी आहेत. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबवर नाही, या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं, असं सांगतो.

बाकी "ठेविले अनंते" बद्दल एवढंच की ते तुकोबा स्वतःच्या चित्ताला सांगतायत. आणि त्याच तुकोबांनी रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग असंही म्हटलंय. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक पहिलं घेऊन जातात, दुसरं घरी ठेवतात.

मोरपीस

साखरझोप दादा, माफी मागते. मुलांबद्दल मी विचारच केला नव्हता.

पण एक सांगू का, मी हे वरवरचं लिहिलं नव्हतं. मलाही ल्युपस आहे, त्यातही प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते, इथे कधी बोलले नाही. किडनीपर्यंत गेलाय. जेव्हा सगळ्या तपासण्या होऊनसुद्धा "का झालं" याला उत्तर मिळेना तेव्हा प्रारब्ध या शब्दाने मला धरून ठेवलं, कारण मग निदान ते संपणारं तरी वाटलं, हिशोब फिटतोय असं वाटलं. टीपकागद म्हणतात तसं आठातलं एक असेलही, माझ्यासाठी तेच उपयोगी पडलं. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ नका एवढंच.

साखरझोप

नाही काढून घेणार. माफीचीही गरज नव्हती. माझं म्हणणं एवढंच की हे औषध स्वतःला लावायचं आहे, दुसऱ्याच्या जखमेवर आपण होऊन लावलं तर झोंबतं. तब्येत सांभाळा.

मंदगती

मोरपीस, तुम्हाला ल्युपस आहे हे वाचून मी तुमचा पहिला प्रतिसाद परत जाऊन वाचला आणि तो वेगळाच वाटला. वाक्य तेच. बोलणारी व्यक्ती आजारी आहे हे कळल्यावर त्याच वाक्याचा राग येईना. यावर कधीतरी नीट लिहायला हवं.

पाठकणा

माझी जरा टेक्निकल अडचण आहे, हसू नका. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, मणके एकमेकांना जोडले जात चाललेत, मान पुढे आलीये ती आलीये. सहाव्या अध्यायात ध्यानाला कसं बसावं ते दिलंय, समं कायशिरोग्रीवं, म्हणजे धड डोकं मान एका रेषेत, अचल. माझं अचल आहे पण सम नाही 😄 बसून वीस मिनिटं झाली की कंबर पेटते. आडवं पडून जप केला की घरातले म्हणतात हे काय, देवाचं नाव असं लोळून घेतात का. एका शिबिरात तर मला मागे भिंतीला टेकूनही बसू दिलं नाही, मेरुदंड ताठ हवा म्हणे. शास्त्रात आडवं पडून चालतं असं कुठे आहे का?

टीपकागद

प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही, ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, यावर चर्चा आहे! चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सूत्र आहे "आसीनः संभवात्", उपासना बसून करावी कारण बसूनच ती शक्य होते. शंकराचार्य कारण देतात की चालता धावताना चित्त विचलित होतं, उभं राहिलं की मन देह सावरण्यातच गुंततं, आणि आडवं पडलं की अचानक झोप लागते. म्हणजे बसणं हे पवित्र म्हणून नाही सांगितलेलं, मन लागावं म्हणून सांगितलंय. आणि चारच सूत्रं पुढे, ठिकाण आणि वेळ यांबद्दल, येतं "यत्रैकाग्रता तत्राविशेषात्", जिथे एकाग्रता होते तिथे, वेगळा काही नियम नाही. आसनाला हाच न्याय लावणं हे माझं पदरचं आहे, पंडित लोक नाक मुरडतील, पण ज्याला बसल्यावर मन देह सावरण्यातच गुंततं त्याच्या बाबतीत आचार्यांचं कारणच उलटं लागू होतं असं मला वाटतं. झोपेचं म्हणाल तर रात्रभर कंबर दुखणाऱ्याला अचानक झोप लागली तर देवाचे आभार मानावेत.

आणि याहून भारी उदाहरण. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात ५३ वं सुत्त (प्रवचन), सेख सुत्त. शाक्यांच्या नव्या सभागृहात बुद्ध रात्री बराच वेळ बोलतात, मग आनंदाला म्हणतात, आता पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा ती सरळ करतो. आणि संघाटीची (भिक्खूच्या वरच्या वस्त्राची) चौघडी घडी करून उजव्या कुशीवर आडवे होतात. भर सभेत. शाक्यमुनींना पाठदुखी होती आणि ती त्यांनी लपवली नाही हे कुणीतरी लिहून ठेवलं, किती बरं झालं.

पाठकणा

पिट्ठि मे आगिलायति! आत्ताच शोधून पालीत वाचलं. हे मी प्रिंट काढून उशाशी लावणार आहे. घरातल्यांसाठी.

पाऊलवाट

😂😂 शिबिरवाल्यांनाही पाठवा एक.

रात्रपाळी

मी डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. माझं बरंचसं वाचन मशीनला जोडलेलं असतानाच होतं. एक हात हलवायचा नाही त्यामुळे पानं उलटायला त्रास, म्हणून लहान काहीतरी लागतं, एका वेळी एक पान पुरेल असं. बायबलमधली स्तोत्रसंहिता त्यामुळे हाती आली, धर्म माझा तो नाही.

मंदगती, राग आलेली ओळ विचारलीत ना, मला राग आलेल्या ओळी सगळ्या शेवटाकडच्या आहेत. बऱ्याच प्रार्थनांचं असं असतं की सुरुवातीला आकांत, मधे वळण आणि शेवटी "तरीही मी तुझी स्तुती करीन". मला ते वळण घेता येत नाही. चौथ्या तासाला पायात गोळे येतात तेव्हा तर नाहीच. पण ८८ वं स्तोत्र वाचलंत का कोणी? त्यात वळणच नाही. हाक मारतोय, रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, लहानपणापासून मी पिडलेला आहे, आणि संपतं ते अंधारावर. ओळखीचे सगळे दूर गेले आणि काळोख. बस, संपलं. पुढे ८९ वं सुरू होतं.

मला याचं नवल वाटतं की हे कुणी गाळलं नाही. इतक्या शतकांत कुणाला वाटलं नाही का की शेवटी दोन ओळी आशेच्या जोडाव्यात? नाही जोडल्या. काथ्याकूट, तुमच्या १८.७३ ला माझ्याकडून हे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी धनुष्य उचललेलंच पाहिजे असं नाही, काही प्रार्थना काळोखात संपतात आणि तरी त्या पवित्र ग्रंथात असतात.

काथ्याकूट

हे मला लागलं. धन्यवाद.

वाटसरू_२

बृहदारण्यक उपनिषदात पाचव्या अध्यायात एक वाक्य आहे ते इथे हवंच. एतद्वै परमं तपो यद्व्याहितस्तप्यते. आजारी माणूस जो ताप सोसतो तेच परम तप आहे. सगळे विषय संपले की नाही इथेच? आजार म्हणजे तपश्चर्या. मग औषधं घेऊन ती मोडायची कशाला असाही विचार येतो मनात. विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्याच आहे "सहनं सर्वदुःखानामप्रतीकारपूर्वकम्", प्रतिकार न करता सगळी दुःखं सहन करणं.

मंदगती

वाटसरू, थांबा. इथे मला माझी एक गोष्ट सांगावीच लागेल.

सहा वर्षांपूर्वी मी एका सत्संगाला जायचे. तिथे हाच श्लोक कोणीतरी समजावून सांगितला, अप्रतीकार, आणि त्याच सुमारास रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे थोडे वर गेलेले, तर मी काय केलं, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. तपश्चर्या. पहिले काही आठवडे छान वाटलं, खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं. मग तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दोन्ही मनगटं आणि गुडघे एकदम सुजले, बाथरूमपर्यंत मला उचलून न्यावं लागलं. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा जी वाकडी झाली ती आजही वाकडीच आहेत, या आजारात सांध्याची झीज एकदा झाली की मागे येत नाही. आकडे वर गेले होते त्यावर डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय होते, मी विचारलंच नाही. सत्संगातलं कोणी नंतर फिरकलं नाही.

त्यामुळे तितिक्षा या शब्दावर माझा विश्वास आहे पण तो मला आता फार जपून हातात घ्यावा लागतो.

टीपकागद

मंदगती, वाचून गलबललो.

वाटसरू, उपनिषदातलं ते वाक्य अर्धंच दिलंत. पुढे आहे "परमं हैव लोकं जयति य एवं वेद". जो असं जाणतो त्याच्यासाठी. आणि त्याच खंडात लगेच आणखी दोन परम तपं सांगितलीत, मेलेल्याला अरण्यात नेतात ते, आणि अग्नीवर ठेवतात ते. आता प्रेताने तपश्चर्या म्हणून काय करायचं असतं? काहीच नाही! म्हणजे ही तपं माणूस करत नाही, त्याच्यावर येऊन पडतात. ओढवून घ्यायची, टिकवून ठेवायची, औषध टाळून वाढवायची असा त्यात अर्थच नाही. भाष्यातही भर कशावर आहे तर निंदा न करता, विषाद न करता ते तप आहे असं चिंतन करण्यावर. उपचार करू नका असं तिथे नाही.

तितिक्षेची ती व्याख्या मुमुक्षूच्या, म्हणजे मोक्षासाठी साधना करणाऱ्याच्या, साधनसंपत्तीच्या यादीत येते, संसारी रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर नाही. आणि देह झिजवण्याबद्दल गीतेचं मत हवं असेल तर सतरावा अध्याय बघा, शास्त्रात न सांगितलेली घोर तपं करून जे शरीरातल्या भूतसमूहाला (पंचमहाभूतांना) आणि आत राहणाऱ्या मलाही कृश करतात, कर्शयन्तः शरीरस्थं, ते आसुरी निश्चयाचे समजावेत. "मां चैवान्तःशरीरस्थं" हे शब्द आहेत. सुजलेल्या मनगटाच्या आतही तोच बसलाय असा त्याचा साधा अर्थ.

वाटसरू_२

चूक झाली. पुढचं वाक्य खरंच माहीत नव्हतं, अर्धं वाक्य फॉरवर्डमध्ये आलं होतं. मंदगती ताई, सॉरी.

मोरपीस

विलाप करायचा नाही असंही त्या तितिक्षेच्या श्लोकात आहे ना, चिन्ताविलापरहितं? मग तुलसीदासांचं काय करायचं? हनुमान बाहुक तर सगळं हाताच्या दुखण्याचं रडगाणं आहे. (रडगाणं प्रेमाने म्हणतेय.) दंड दुखतोय, सहन होत नाही, इतकी भक्ती केली तरी माझं दुखणं का जात नाही, मी तुझ्या दारचाच ना, असं हनुमंताशी भांडण. आणि केरळातले मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी, १६ व्या शतकातले, वाताने जखडलेले, गुरुवायूरच्या देवळात बसून नारायणीयम् रचलं, १०० दशकं (दशक म्हणजे साधारण दहा श्लोकांचा गट), आणि भागवताची कथा सांगता सांगता जवळजवळ प्रत्येक दशकाच्या शेवटी मागणं एकच की माझा रोग घालव. मला ते फार आवडतं. इतका मोठा पंडित, पण दर दहा श्लोकांनी "ते माझ्या दुखण्याचं बघ ना" म्हणून आठवण करून देतोय. ते पुढे बरे झाले अशी परंपरा आहे, पण मी तोवर वाचतच नाही, मला मधलंच बरं वाटतं.

रात्रपाळी

बायबलमधल्या प्रेषित पौलाचंही तसंच. शरीरात काटा आहे, तीनदा विनवणी केली की काढ. नाही काढला. माझी कृपा तुला पुरेशी आहे असं उत्तर आलं. काटा नेमका काय होता ते तो लिहीत नाही त्यामुळे प्रत्येक पेशंट आपापला आजार तिथे बसवतो, मीही बसवलाय.

सोबतीण

मी पेशंट नाही, नवऱ्याला पार्किन्सन्स आहे, नऊ वर्षं. इथे लिहू का?

मंदगती

लिहा हो, विचारताय काय.

सोबतीण

लिहिते. आमच्यासारख्यांसाठी ग्रंथांत फार काही नसतं असं माझं मत होतं, सेवा करा पुण्य मिळेल याच्यापुढे काही नाही. सेवा शब्दाचाच वीट आलाय. मला रागही येतो त्यांचा, रात्री चौथ्यांदा कूस बदलून द्यायला उठताना पुण्य वगैरे काही डोक्यात नसतं, नंतर त्या रागाची लाज वाटते, मग पुन्हा राग. हे कुणाशी बोलताही येत नाही.

विनयपिटकातली (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली) गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, अतिसाराने लोळत पडलेला भिक्खू, कोणी बघत नाही, बुद्ध आणि आनंद त्याला स्वतः धुतात, उचलून नीट निजवतात आणि मग सगळ्यांना म्हणतात ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. सुंदर आहे. पण माझ्या लक्षात काय राहिलं तर ते दोघं होते! एकाने पाणी ओतलं, दुसऱ्याने धुतलं, एकाने डोक्याकडून धरलं, दुसऱ्याने पायाकडून. एकट्याने नाही केलं. मी नऊ वर्षं एकटी उचलतेय. ती गोष्ट वाचून मी पहिल्यांदा दिराला फोन केला आणि सांगितलं की आठवड्यातून दोन रात्री तू यायचंस. येतो आता.

दुसरी गोष्ट नकुलमातेची, अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातली. नवरा खूप आजारी, मरणाच्या दारात. ती त्याला आत्मा अमर आहे वगैरे सांगत नाही. म्हणते, काळजी घेऊन मरू नका. तुम्हाला वाटत असेल माझ्यामागे हिचं आणि मुलांचं कसं होणार, तर मला सूत कातता येतं, लोकर विंचरता येते, मी घर चालवीन. अशा एकेक काळज्या घेऊन ती त्या मिटवत जाते. आणि नवरा बरा होतो, काठी टेकत बुद्धांना भेटायला जातो. तो बरा झाला ते सोडा. पण मी त्या दिवशी यांच्याजवळ बसले आणि बँकेचं, घराच्या कागदांचं, मुलाच्या फीचं, सगळं मला जमतंय हे एकेक करून सांगितलं. त्यांना बोलायला त्रास होतो हल्ली. त्यांनी नुसता हात दाबला. एरवी थरथरणारा हात तेवढ्यापुरता… नाही, थरथरतच होता, खोटं नको.

साखरझोप

🙏

पाठकणा

सोबतीण ताई, काय बोलू.

मी एक छोटं टाकतो, टीपकागदांनी हुरूप दिला म्हणून योगसूत्रं काढली होती. पहिल्या पादात ३० व्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, आहेत. पहिलाच व्याधी. पुढे स्त्यान (मनाची जडता), संशय, प्रमाद आणि मग पाचवा आलस्य. म्हणजे पतंजलींनी व्याधी आणि आळस वेगळे लिहिलेत! एकाच सूत्रात, मधे तीन शब्द ठेवून. थकवा हे माझ्या आजाराचं लक्षण आहे हे मी दहा वर्षं लोकांना समजावतोय.

मंदगती

पाठकणा!!! हे मी ऑफिसमध्ये माझ्या टेबलावर लावणार.

काथ्याकूट

मंदगती, आगमापायिनः चं भांडण मिटलं का मग?

मंदगती

चार दिवस बोलून टाईप करणाऱ्या ॲपवर जगतेय त्यामुळे चुका समजून घ्या.

नाही मिटलं. थोडी तडजोड झालीये. मी एक वही ठेवली, दुखणं दर दोन तासांनी शून्य ते दहा. महिनाभर. मला वाटत होतं सरळ रेघ येईल. आली नाही, सात, पाच, आठ, चार, पुन्हा सात. आजार जात नाही पण दुखणं त्याच्या आत येत जात असतं, मी ते सगळं एकच एक मोठ्ठं धरून बसले होते. तर त्या शब्दाला मी आता निम्मे मार्क देते. श्लोक दाखवणाऱ्यांना अजून शून्य.

आणि सातव्या अध्यायातलं एक राहिलंच. चार प्रकारचे लोक मला भजतात, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. आर्त पहिला. मी शाळेत पाठ केलं तेव्हा वाटलेलं की ही खालून वर जाणारी शिडी आहे, आपण पहिल्या पायरीवर. असेलही, ज्ञान्याला तो आपला आत्माच म्हणतो. पण त्याच्या आधी "उदाराः सर्व एवैते" म्हणतो, हे सगळेच थोर. दुखतंय म्हणून हाक मारली हे कारण त्याला चालतं.

१८.७३ चं उत्तर मात्र अजून नाही काथ्याकूट, माझ्याकडे तरी नाही.

काथ्याकूट

मग मी विचारत राहीन.

मंदगती

विचारा. आज गोळीचा दिवस आहे, उद्या मी दिसणार नाही, धागा वर ठेवा कोणीतरी.